सत्संग सोडायचा नाहीये, पण प्रत्येक गोष्टीत गिल्ट येतो त्याचं काय करू?

अबोली

नमस्कार, इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. मोठं होईल पण प्लीज वाचा. आमच्या संस्थेचं नाव मी लिहिणार नाही आणि कुणी ओळखलं तरी तुम्हीही लिहू नका, माझी आई आणि सासूबाई दोघी त्यात आहेत, मला कुणाची बदनामी करायची नाहीये.

मी पिंपरी-चिंचवडला राहते, एका कंपनीत अकाउंट्सला आहे, एक मुलगी आहे आठ वर्षांची. आई सत्संगाला जायला लागली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते, म्हणजे मी वाढलेच त्यात, लग्नही त्यातल्याच ओळखीतून झालं. दर आठवड्याची बैठक, रोजचा जप, उत्सवाच्या आधीची सेवा, हे सगळं मला मनापासून आवडतं, जपाला बसलं की आजही शांत वाटतं. तक्रार त्याबद्दल नाहीच.

झालं असं की सारखं दमायला होत होतं म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.4 आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले प्रोटीन खूपच कमी पडतंय, रोज दोन अंडी खाता येतील का बघा. आमच्याकडे अंडं चालत नाही, पण मिस्टर म्हणाले खा तू, आईला मी बघतो. मी ऑफिसच्या कँटीनमधे उकडलेलं अंडं खाल्लं आणि त्याच संध्याकाळी लेक शाळेतून ताप घेऊन आली. व्हायरल होता, तिच्या वर्गातली निम्मी मुलं आजारी होती, हे मला त्या रात्रीही माहीत होतं, तरी मी गुरूंच्या फोटोपुढे बसून माफी मागत होते आणि ते थांबवता येत नव्हतं. आमच्यात आठवड्याभरात काय चुकलं ते मोठ्या ताईंना सांगायची पद्धत आहे, तर मी सांगितलं. त्या ओरडल्या वगैरे नाहीत, त्या कधीच ओरडत नाहीत. डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं तू भोगशील गं, पण लेकरावर का आणतेस?"

ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

आणि मग जाणवायला लागलं की हे किती ठिकाणी आहे. मंगळवारी केस कापले तर धडधड, मामेबहिणीच्या हळदीला गेले आणि त्याच दिवशी सेवा होती म्हणून तिथे घास उतरेना, बिनबाह्यांचा ड्रेस घेतलाय तो टॅगसकट कपाटात पडलाय, मुलीला शनिवारी चित्रकलेचा क्लास लावायचा होता तर त्या वेळेला बालसंस्कार असतात म्हणून लावला नाही. बेंगळुरूला प्रमोशनवर जायची संधी होती, ताई म्हणाल्या जा ना, आम्ही कोण अडवणारे, पण इथली सेवा टाकून मिळवलेला पैसा घरात टिकत नाही एवढं लक्षात ठेव. मी नाही म्हणून कळवलं. नवऱ्याला आजही खरं कारण सांगितलेलं नाही. पाळीच्या दिवसांत आम्ही मागच्या खोलीत बसतो, पोथीला हात लावत नाही, मला स्वतःला त्याचं कधी काही वाटलं नाही, पण आता दोन-तीन वर्षांत मुलीची वेळ येईल आणि तिला तिथे बसवायचं या विचाराने पोटात गोळा येतो.

मला सत्संग सोडायचा नाही. फक्त हा गिल्ट जायला हवाय. यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींवर माझा आता विश्वासही नाही, तरी तो येतोच, हे कसं? कुणी यातून गेलंय का? भाऊ म्हणतो पोलिसात तक्रार कर, जादूटोण्याचा कायदा आहे, पण त्यांनी माझ्यावर काही जबरदस्ती केलेली नाही, तक्रार कसली करणार?

घाटावरचा

अबोलीताई, मी अशाच एका संस्थेत कॉलेजपासून होतो आणि नंतर आमच्या भागाच्या नोंदी माझ्याकडे होत्या, कोण आलं, कोण आलं नाही, कुणी काय सांगितलं. संस्था तुमची नसेल, पण तुम्ही लिहिलेलं सगळं ओळखीचं आहे, ताईंचा डोक्यावरचा हातसुद्धा.

तुम्ही म्हणता जबरदस्ती केलेली नाही. बरोबर आहे, ती कधीच करत नाहीत, कारण लागतच नाही. आमच्याकडे कुणालाही "हे करू नको" असं सांगायचं नाही असंच शिकवलेलं होतं, विचारायचं, "तुला काय वाटतं, गुरूंना आवडेल का?" उत्तर समोरच्यानेच द्यायचं. म्हणजे नियम त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटला, मोडला तर स्वतःचा शब्द मोडला, आणि उद्या तो चिडून म्हणाला की तुम्ही मला नोकरी घेऊ दिली नाही तर आपण म्हणायला मोकळे, आम्ही कुठे अडवलं. तुमच्या बेंगळुरूच्या गोष्टीत "जा ना, आम्ही कोण अडवणारे" हे वाक्य आलंय बघा.

दुसरी गोष्ट. चांगलं झालं की कृपा, वाईट झालं की सेवेत कमी पडलात. सेवा पूर्ण करूनही वाईट झालं तर पूर्वजन्मीचं, नाहीतर मोठं संकट होतं ते छोट्यावर निभावलं. आता सांगा, असं काय घडू शकतं की ज्यावरून कुणी म्हणेल, अंड्याचा आणि तापाचा संबंध नव्हता? काहीच नाही. मूल असलेल्या घरात वर्षातून चार वेळा ताप येणारच, म्हणजे पुरावा वर्षातून चार वेळा आपोआप मिळणार. त्या दिवशी वर्गातली निम्मी मुलं आजारी होती ना, त्या सगळ्यांच्या आयांनी काय खाल्लं होतं?

आणि भीती कधीच तुमच्या स्वतःच्या नावाने घालत नाहीत हे नीट बघा. तुम्ही शिकलेल्या आहात, कमावता, स्वतःवर येणार म्हटलं तर म्हणाल येऊ दे. लेकरावर म्हटलं की कुठलीही आई गप्प होते. पुरुषांना धंद्यावरून धरतात, म्हाताऱ्यांना शेवट कसा येईल त्यावरून. माझ्या समोर एका माणसाला आईच्या कॅन्सरबद्दल असं ऐकवलं गेलं, त्या दिवसापासून मी वही कुणाला तरी देऊन टाकली आणि जायचा बंद झालो.

विश्वास नसूनही गिल्ट का येतो म्हणता, तर तो लहानपणी बसलेला आहे, विचार करायला लागायच्या आधी. विश्वास डोक्याने सोडता येतो, अंगाला वेळ लागतो. मला मंगळवारी न्हाव्याच्या खुर्चीत कितीतरी महिने घाम फुटायचा, आता फुटत नाही. वाद घालून गेला नाही तो, केस कापत राहिलो आणि काही झालं नाही, असं पुन्हा पुन्हा अंगाला कळलं तेव्हा गेला.

एकच करा सुरुवातीला. जा, जप करा, सेवा करा, पण चुका सांगणं बंद करा. विचारलं तर "सगळं ठीक आहे ताई" एवढंच. सगळा दोर तिथे बांधलेला आहे.

ओपीडीतून

मी डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते, आधी तब्येतीचं बोलते. बायकांमधे 12 च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे अ‍ॅनिमिया, 8.4 म्हणजे मध्यम, आणि 8 च्या खाली गेलं की आम्ही गंभीर म्हणतो. तुम्ही त्या रेषेच्या अगदी जवळ आहात, ते गुरूंच्या आवडीनिवडीवर सोडू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019-21 मधे महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला होता, त्यामुळे तुम्ही काही वेगळं पाप केलंय म्हणून हे झालेलं नाही.

खरं सांगायचं तर हिमोग्लोबिन वाढवायला अंडं लागतंच असं नाही. काम गोळ्या करतात. गोळी चहाबरोबर किंवा चहाच्या आसपास घेऊ नका, लोह शोषलं जात नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कडधान्यं, नाचणी, आळीव, पालेभाज्या आणि वर लिंबू. बी12 जीवनसत्त्व मात्र तपासून घ्या, ते वनस्पतींमधे नसतं, दूध-दह्यातून थोडं मिळतं, आमच्याकडे पूर्ण शाकाहारी बायकांमधे ते सारखं कमी निघतं आणि त्यानेही थकवा येतो. पाळीत रक्तस्राव जास्त जातो का हे तुमच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कारण तिथून गळती चालू असेल तर कितीही खाल्लं तरी भरून निघत नाही.

हे एवढ्यासाठी लिहिलं की उद्या तुम्ही विचार करून ठरवलंत, मला अंडं नकोच, तर माझी काहीही हरकत नाही, मी दुसरा मार्ग देईन. पेशंटने स्वतः नाही म्हटलेलं मला चालतं. माझ्याकडे ज्या येतात त्या नाही म्हणत नाहीत, हो म्हणतात, घरी जाऊन खात नाहीत आणि मला खोटं सांगतात, किंवा खातात आणि रात्रभर रडतात. एका पेशंटने सात महिन्यांची गरोदर असतानाही उपास सोडला नव्हता, कारण तिला सांगितलं होतं की बाळात व्यंग आलं तर मग आम्हाला बोलू नकोस. असं बोलणाऱ्या माणसाला मी माफ करू शकत नाही, त्याने कितीही नाम घेतलेलं असो.

आणि एक. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येणं, माफी मागत बसणं आणि ते थांबवता न येणं, हे रोज तासन् तास व्हायला लागलं तर त्यावर उपचार आहेत, तो ओसीडीचा, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याच्या आजाराचा, एक प्रकार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेली-मानस म्हणून हेल्पलाइन आहे, 14416, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

टाळकरी_इंदापूर

ताई रामकृष्णहरी. मी माळकरी आहे, वडील माळकरी, आजोबा माळकरी. घरात मटण नाही, अंडं नाही, एकादशी धरतो. तरी सांगतो, तुमच्या त्या मोठ्या ताई जे बोलल्या ते आमच्या पंथात कुणी बोललं असतं तर फडावरच्या जाणत्या माणसाने त्याला तिथंच बसवलं असतं.

माळ घालणं म्हणजे आपण आपल्या हाताने पांडुरंगाला शब्द दिलेला असतो. तो मोडला तर मला वाईट वाटतं, वाटावंच, पण ते माझं आणि त्याचं आहे. मधे वही घेऊन बसलेला कुणी नाही. आमच्या गावात एकाला डॉक्टरने आजारपणात सूप प्यायला लावलं, त्याने माळ काढून देवळात ठेवली, बरा झाल्यावर पुन्हा घातली, कीर्तनाला सगळ्यांच्या पुढे बसतो. कुणी हूं की चूं केलं नाही.

"वारी चुकू न दे हरी" म्हणतो आम्ही, वारी चुकली की जेवण जात नाही हे खरं आहे. पण 2020 ला आणि 2021 ला पायी वारी बंद झाली, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, लाखो माणसं घरी बसली. मला वाईट वाटलं, रडलो सुद्धा. पण वारी चुकली म्हणून तुझ्या नातवावर येईल असं मला एकही महाराज बोलला नाही, उलट घरीच हरिपाठ म्हणा, तुमचा नमस्कार पोचतो असंच सगळे सांगत होते. देवाचं माणूस असं बोलतं.

आता तुमच्या मुलीचं. विटाळाबद्दल आमच्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विचारून ठेवलंय, विटाळ तर देहाच्या आतच आहे, त्यातूनच देह झाला, मग सोवळा म्हणायचं कुणाला? चोखोबांच्या मंडळी त्या, देवळाच्या पायरीवर उभं राहायची सुद्धा परवानगी नव्हती त्यांना, तरी विचारलं. आमच्या घरच्या बायका अजूनही पाळतात थोडंफार, मी नाकारत नाही. पण नातीला मी सांगितलंय, टाळ तुझ्या हातात आहे, वाजव.

सेवेत_समाधानी

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितेय. माझे मिस्टर रोज पिऊन यायचे, मारायचे, पगाराचा रुपया दिसत नव्हता. आम्ही व्यसनमुक्ती केंद्र केलं, मंत्र-तंत्र केलं, माहेरच्यांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. सत्संगात गेले आणि सुटली. का सुटली, तर गुरूंना तोंड कसं दाखवू म्हणून. म्हणजे गिल्टमुळेच ना? दर आठवड्याला जाऊन सांगावं लागायचं की प्यायलो नाही, त्या सांगण्यानेच माणूस सरळ झाला. आज माझी दोन्ही मुलं शिकतायत. घाटावरचे दादा म्हणतात चुका सांगणं बंद करा, आमच्या घरात ते बंद झालं असतं तर मी आज जिवंत नसते.

नियम कडक असतात म्हणूनच माणूस टिकतो. ज्याला त्याला मनाप्रमाणे करायचं असेल तर सत्संगाला यावंच कशाला? आणि सगळ्या ताया अशा नसतात, आमच्या ताई मुलीच्या फीला स्वतःच्या बांगड्या मोडायला निघाल्या होत्या.

घाटावरचा

सेवेत_समाधानी, तुमच्या घराचं वाचून खरंच बरं वाटलं, आणि मी ते खोडून काढणार नाही, दारू सुटलेली माणसं मी पण डोळ्यांनी पाहिलीत. पण तुमच्या मिस्टरांना जे वाईट वाटत होतं ते बायकोला मारलं, मुलांचे पैसे उडवले याचं. ते वाटायलाच हवं होतं. अबोलीताईंनी कुणाला मारलं? कुणाचं काय घेतलं? हिमोग्लोबिन 8.4 असताना एक अंडं खाल्लं. दोघांनाही त्याच ताईंपुढे त्याच स्वरात कबुली द्यायला लागते, आणि कबूल करणाऱ्याला हळूहळू आपण नक्की कुणाचं नुकसान केलं हे कळेनासंच होतं.

पापडी_नाका

मी वसईची, ख्रिस्ती आहे, म्हणून आधी वाटलं आपण बोलावं की नाही, पण अबोली तू लिहिलंयस ते वाचून राहवलं नाही. आमचं घर पिढ्यान् पिढ्या चर्चला जाणारं. माझ्या नणंदेच्या नवऱ्याचा धंदा बुडाला तेव्हा ते एका प्रार्थना गटात जायला लागले, चर्चचा नाही, बाहेरचा, एका हॉलमधे भरायचा. तिथे आधी खूप प्रेम मिळालं, घरी येऊन प्रार्थना, आजारपणात डबे. मग हळूहळू टिकली लावू नको, मंगळसूत्र काढ, शेजारच्या गणपतीचा मोदक घेतलास तर घरात अंधार येईल. आमच्याकडे बायका काळे मणी घालतात, साडी नेसतात, शेजारी गणपतीला आणि आम्ही नाताळला एकमेकांकडे ताटं पाठवतो, हे किती वर्षांचं आहे, ते सगळं एका वर्षात बंद झालं. मिळकतीचा दशांश द्यायचा, धंदा बुडालेला असताना सुद्धा, कर्ज काढून दिला, कारण दिला नाही म्हणून तर बुडाला ना. नणंदेने शुगरच्या गोळ्या लपून घेतल्या, गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं. लपून घेते म्हणून पुन्हा रडायची. पाय सुजला तेव्हा आम्ही उचलून दवाखान्यात नेली.

तिला सोडवलं ते एका म्हाताऱ्या फादरनी. वाद घातला नाही, गटाला नावं ठेवली नाहीत. त्यांनी तिला संत इग्नेशियस लोयोलांचं सांगितलं. 1522 मधे स्पेनमधल्या मानरेसा गावात ते राहात होते, तेव्हा त्यांना असंच झालं होतं, कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, करून यायचे आणि परत वाटायचं काहीतरी सांगायचं राहिलं, परत जायचे, परत तेच, इतकं की जीव द्यायचे विचार आले. एवढा मोठा संत, जेझुइट हा धर्मगुरूंचा संघ काढणारा. आणि शेवटी त्यांनी ठरवलं की झालेली जुनी पापं पुन्हा उगाळायची नाहीत, बस. पुढे दुसऱ्यांना मार्गदर्शन करताना त्यांनी यावर सूचनाही लिहून ठेवल्या. फादर म्हणाले, हा आवाज देवाचा आहे असं वाटतं कारण तो देवाच्या भाषेत बोलतो, पण त्याने तुझं काय होतंय ते बघ, तू प्रेमळ होतेस की नुसती घाबरतेस? नणंदेने गोळ्या टेबलावर, सगळ्यांसमोर ठेवल्या, तिथून सुरुवात झाली. प्रार्थना ती आजही करते, पहाटे उठून.

तुझ्या प्रश्नाला हेच उत्तर द्यायचंय, श्रद्धा ठेवून गिल्ट जाऊ शकतो, मी घरात बघितलंय. फक्त लपवून खाऊ नकोस. लपवलेल्या घासाचा गिल्ट दुप्पट असतो. घरात उघड खा.

कोर्टनाका

वकील आहे, भावाच्या मुद्द्याबद्दल लिहितो. ज्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात तो 2013 चा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्टला पुण्यात खून झाल्यावर आधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमधे कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आहे, पण तो ठरावीक कृत्यांनाच लागतो. त्यांची यादी कायद्याच्या शेवटी जोडलेली आहे, नरबळी, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देणं वगैरे. कीर्तन, प्रवचन, हरिपाठ, यात्रा, उपासना याला तो लागू नाही असं त्यातच स्पष्ट लिहिलंय. "लेकरावर येईल" एवढं बोलण्याने त्यात काही बसेल असं मला वाटत नाही, भावाला सांगा उगीच पोलीस ठाण्यात जाऊ नका, घरात फूट पडेल आणि हाती काही लागणार नाही.

दुसरा कायदा मात्र माहीत असू द्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मधे वेगळा कायदा केला, जुलै 2017 पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो मुख्यतः जातपंचायतींसाठी आला, पण व्याख्येत धर्मामुळे, धार्मिक विधींमुळे एकत्र आलेले समूहही येतात. उद्या तुम्ही चुका सांगणं बंद केलंत आणि वरून निरोप निघाला की हिच्या घरी जाऊ नका, हिच्याशी बोलू नका, हिच्या मुलीशी मुलांना खेळू देऊ नका, तर त्याचा विचार करता येईल. असे मेसेज आले तर डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. बहुतेक वेळ येणार नाही. पण आपल्यामागे काहीतरी आहे हे माहीत असलं की माणूस जरा ताठ बसतो, हे मी पक्षकारांमधे रोज बघतो.

आणि नोकरीच्या बाबतीत नवऱ्याला खरं सांगा हो. तो तुमच्या बाजूचा दिसतोय.

अबोली

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस सारखं वाचतेय. नवऱ्याला काल बेंगळुरूचं सांगितलं. तो चिडला नाही, गप्प बसला आणि मग म्हणाला मला वाटलं तुला आईला सोडून जायचं नव्हतं म्हणून मी काही बोललो नाही. म्हणजे आम्ही दोघंही एकमेकांसाठी गप्प होतो.

डॉक्टर, तुमचं "पेशंटने स्वतः नाही म्हटलेलं मला चालतं" हे फार लागलं, कारण मला अंडं हवंय की नकोय हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. विचारलं. वास आवडत नाही पण खाणार आहे, निदान रिपोर्ट सुधारेपर्यंत. सासूबाईंना सकाळी सरळ सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत, अंड्याला वेगळं पातेलं ठेव एवढंच म्हणाल्या आणि जुनं पातेलं स्वतःच काढून दिलं. मला वाटलं होतं आकाश कोसळेल.

सेवेत_समाधानी ताई, तुमच्या घरासाठी खरंच आनंद झाला, तुमच्यावर कुणी तुटून पडू नका प्लीज.

बैठक गुरुवारी आहे. घाटावरचे दादा, "सगळं ठीक आहे" असं मला म्हणता येणार नाही, ते खोटं होईल आणि त्याचा वेगळा गिल्ट येईल. काय म्हणू? आणि मुलीचं, पाळीच्या दिवसांत मागे बसायचं, ते कुणाशी बोलू, ताईंशी एकटीने बोलायची हिंमत नाही.

घाटावरचा

मग खोटं नका बोलू. "ताई, माझ्या चुका मी जपाच्या वेळी देवाला सांगते, आता इथे सांगणार नाही." आवाज चढवू नका, कारण देऊ नका, कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. पुन्हा विचारलं तर हेच वाक्य पुन्हा. पहिल्या वेळी हात थरथरतील. नवऱ्याला बाहेर गाडी घेऊन थांबायला सांगा, बैठक संपली की लगेच निघा, नंतर जी बाजूला घेऊन बोलणी होतात ती टाळा, कारण खरं काम तिथे चालतं.

सेवेत_समाधानी

अबोली, तू चांगल्या मनाने लिहिलंस म्हणून तुझ्या मुलीच्या प्रश्नाचं सांगते. आमच्या गटात पण मागे बसवायचे. गेल्या वर्षी आम्ही काही जणींनी, ज्यांच्या मुली सहावी-सातवीत आहेत, मिळून ताईंना विचारलं की परीक्षेच्या आधीचं पारायण मुलींनी चुकवायचं का? कारण मुली स्वतःच यायचं नाही म्हणायला लागल्या होत्या. ताईंनी वर विचारलं, वरून काही उत्तर आलं नाही, आणि मग हळूहळू मुली पुढेच बसायला लागल्या. कुणी जाहीर केलं नाही की नियम बदलला. आता कुणी विचारत पण नाही.

तू एकटीने जाऊ नकोस, एकटी बाई बोलली की तिचीच साधना कमी पडतेय असं होतं. तुझ्या गटातल्या मुलींच्या आया आधी शोध, त्यांच्याही पोटात तोच गोळा असणार. आणि उत्सवाच्या आधी विषय काढू नको, सगळ्या सेवेच्या धावपळीत असतात, नंतरच्या आठवड्यात काढ.